मदत हवी आहे : जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं स्मार्टमीडिया कार्ड

नमस्कार मंडळी,
मामाने जपून ठेवलेला २००० सालच्या आसपासचा डिजिटल कॅमेरा आता माझ्याकडे आलाय. फोटोग्राफीत मी अगदीच नवखी आहे. कॅमेरा १.३ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो १२८० बाय ९६०. तरी उन्हात काढलेल्या फोटोंचे रंग मला फोनपेक्षा जास्त आवडले! चार पेन्सिल सेल लागतात. साधे अल्कलाइन सेल स्क्रीन चालू ठेवली की लगेच मान टाकतात, म्हणून रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड आणलेत. ते छान टिकतात.

खरी अडचण कार्डाची. आत ८ एमबीचं स्मार्टमीडिया कार्ड (फोटो साठवायचं जुन्या प्रकारचं मेमरी कार्ड) आहे, पापडासारखं पातळ, वर सोनेरी पट्टा. ही कार्डं ३.३ आणि ५ व्होल्ट अशा दोन प्रकारची असतात एवढं कळलंय. माझ्या कार्डावर ३.३ लिहिलंय. कॅमेऱ्यात फोटो दिसतात, पण केबल हरवली आहे आणि नव्या कार्ड रीडरमध्ये हे कार्ड बसतच नाही.

स्मार्टमीडिया वाचणारा यूएसबी रीडर आजच्या कॉम्प्युटरवर कुणी वापरलाय का? आणि कार्ड कॉम्प्युटरवर फॉरमॅट केलं तर कॅमेरा ते ओळखतो का? मामाचे जुने फोटोही त्यातच आहेत, त्यामुळे विचारल्याशिवाय काही करणार नाही.