मदत हवी आहे: पाळलेल्या बेडकांत नर कोणता, मादी कोणती?

नमस्कार मंडळी. माझ्याकडे व्हाइट्स ट्री फ्रॉगची जोडी आहे. जोडी म्हणतोय खरा, पण ती नर-मादीची आहे की नाही हेच कळत नाहीये!

मोठा बेडूक छान टम्म आहे, गळा पांढरा आणि ताणलेला. तो कधीच ओरडत नाही. धाकटा मात्र अंधार पडला की सुरू होतो, बाहेर पाऊस असेल तर विचारूच नका. काचेला चिकटून बसला की त्याचा गळा खालून नीट दिसतो: करडट, सैल, सुरकुतलेला. म्हणजे हा नर, यात मला फारशी शंका नाही. त्याच्या पुढच्या पायांच्या अंगठ्यांवर तपकिरी खरखरीत डागही आहेत.

प्रश्न मोठ्याचा आहे. या जातीत माद्या मोठ्या असतात, १० सेंटिमीटरपर्यंत वाढतात हे माहीत आहे. पण नुसत्या आकारावर कसं ठरवायचं? खाऊन सुस्तावलेला नरही गुबगुबीत दिसतोच की. धाकटा त्याच्या पाठीवर मिठी मारून बसतो, पण नर दुसऱ्या नरालाही तसंच पकडतात, तेव्हा तोही पुरावा नाही.

अंगठ्यावरचे डाग प्रजननाचा काळ नसताना किती फिके पडतात? पूर्ण वाढलेला नर अजिबात न ओरडता राहतो, असं कुणी पाहिलंय का? उगाच हातात घेऊन त्यांना त्रास द्यायचा नाहीये, त्यामुळे काचेबाहेरून ओळखता येईल अशी खूण असेल तर आधी ती सांगा.