मदत हवी आहे: मावशीच्या जुन्या घटस्फोटाच्या निकालाची प्रमाणित प्रत कुठून आणि कशी मिळवायची?

नमस्कार मंडळी,

मावशीच्या कामासाठी हा धागा काढते आहे. माझे आजोबा केंद्र सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. ते गेल्यावर आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. आजी २००५ मध्ये गेली. मावशीचा घटस्फोटाचा दावा २००३ पासून चालू होता, निकाल लागला २००६ मध्ये. तेव्हापासून ती मामाकडे राहते आणि शिवणकामावर हातखर्च भागवते. घटस्फोटित मुलीलाही हे निवृत्तिवेतन मिळू शकतं हे आम्हाला अलीकडेच कळलं.

निवृत्तिवेतन कार्यालयाने दोन गोष्टी मागितल्या आहेत: हुकूमनाम्याची (घटस्फोट मंजूर करणाऱ्या न्यायालयाच्या औपचारिक आदेशाची) प्रमाणित प्रत, आणि दावा आजीच्या हयातीत दाखल झाल्याचा पुरावा. आमच्याकडे हुकूमनाम्याच्या शेवटच्या पानाची फिकट झेरॉक्स आहे. तिच्यावरचा शिक्का वाचता येत नाही आणि क्रमांकातलं फक्त वर्ष दिसतं. मावशीचे वकील आता हयात नाहीत. जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात मामा जाऊन आला. तिथे नोंदी पाहून 'असं प्रकरण आमच्याकडे नाही' असं सांगितलं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधलं, काही आलं नाही.

एक नातेवाईक म्हणतात, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, झक मारत देतील. तसं करावं का? आणि मावशीला सगळ्यात मोठी धास्ती ही की अर्ज केला तर 'त्यांना' नोटीस जाईल. ते सगळं पुन्हा उघडायचं तिला नको आहे, आणि तिच्यावर ती वेळ येऊ नये असं मलाही फार वाटतं. कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, आधी धास्तीचं बोलू. पक्षकाराने स्वतःच्या निकाली प्रकरणाची नक्कल मागितली तर समोरच्याला नोटीस काढत नाहीत. नक्कल मागणं म्हणजे नवा दावा नव्हे, त्यावर सुनावणी लागत नाही. मावशींना निर्धास्त राहायला सांगा.

आता मुख्य मुद्दा. मी बरीच वर्षं न्यायालयीन कर्मचारी होतो आणि ही गल्लत फार जणांची होताना पाहिली आहे. घटस्फोटाची प्रकरणं आज कौटुंबिक न्यायालयात चालतात म्हणून लोक तिथेच विचारतात. पण विचारायचं ते निकाल ज्या न्यायालयाने दिला तिथे. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ चा असला तरी ही न्यायालयं राज्यात एकदम सगळीकडे आली नाहीत. जिथे ती नव्हती तिथे हिंदू विवाह कायद्याखालचे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालायचे, आणि अनेक ठिकाणी अजूनही तिथेच चालतात.

तुमच्या जिल्ह्यात कौटुंबिक न्यायालय कधी सुरू झालं ते आधी विचारा. त्या कायद्याच्या कलम ८ नुसार न्यायालय स्थापन झालं की तेव्हा प्रलंबित असलेली प्रकरणं तिकडे वर्ग होतात. निकाली निघालेली होत नाहीत. म्हणजे २००६ च्या निकालानंतर ते सुरू झालं असेल, तर कागद जुन्या न्यायालयाच्या अभिलेख कक्षातच असणार. दावा चालू असताना सुरू झालं असेल, तर प्रकरण तिकडे गेलं असेल आणि त्याला नवा क्रमांक पडला असेल. मग २००३ चा क्रमांक सांगून काही सापडणार नाही.

क्रमांकाच्या आधीची अक्षरंही बघा. वरिष्ठ स्तर न्यायालयात 'हिं. वि. अर्ज' किंवा 'एच.एम.पी.' असतं. कौटुंबिक न्यायालयात 'पी.ए.', म्हणजे 'ए' याचिका. परस्पर संमतीची असेल तर 'एफ', पोटगीची फौजदारी 'ई'. झेरॉक्सवर एवढं एक अक्षर जरी लागलं तरी कुठल्या इमारतीत जायचं ते कळतं.

प्रतिसाद

माहिती अधिकाराच्या नादी लागू नका. न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागायच्या, त्यासाठी माहिती अधिकार वापरायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. अर्ज परत येईल आणि मधला वेळ फुकट जाईल. नक्कल विभागात रीतसर अर्ज हाच जवळचा रस्ता.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. नोटिशीचं वाचून दाखवल्यावर मावशीचा चेहराच बदलला. कौटुंबिक न्यायालय आमच्याकडे २००६ नंतर सुरू झालं हे मामाने विचारून घेतलं. म्हणजे जुन्या न्यायालयातच जायचं. पण क्रमांक नाही, तर तिथे तरी काय सांगायचं?

प्रतिसाद

मी वकिली करते. क्रमांक घरातच सापडण्याची शक्यता चांगली असते. मावशींना आलेलं किंवा त्यांच्या अर्जावर न्यायालयाने काढलेलं समन्स, अंतरिम पोटगीचा आदेश, वकिलांच्या फीची पावती, तारखांच्या चिठ्ठ्या, जुन्या डायऱ्या बघा. पोटगीचा अर्ज वेगळा केला असेल तर तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे असेल आणि त्याच्या निकालात घटस्फोटाच्या दाव्याचा उल्लेख हमखास येतो.

दिवंगत वकिलांचे कनिष्ठ सहकारी कोण होते ते बार असोसिएशनमध्ये विचारा. फाइली बहुधा त्यांच्याकडे जातात. हे नुसतं क्रमांकासाठी सांगत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची असते. ती मावशींच्या वतीने वकिलांनी घेतली असेल आणि अजून त्या फाइलमध्ये असेल, असं खरंच होऊ शकतं.

ई-कोर्ट्सवर पुन्हा एकदा प्रयत्न करा. जिल्हा निवडल्यावर न्यायालय संकुल बदलून पाहा, 'निकाली' हा पर्याय घ्या, वर्ष २००३ टाका आणि मावशींचं नाव माहेरच्या, सासरच्या आडनावाने, स्पेलिंग बदलून तपासा. अर्जदार समोरची व्यक्ती असेल तर तेही नाव टाका. सापडलं तर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक (ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) लिहून ठेवा. निकालपत्र तिथे उघडलं नाही तरी घाबरू नका. वैवाहिक प्रकरणांत गोपनीयता पाळतात, त्यामुळे ते खुलं नसणं स्वाभाविक आहे. शिवाय इतकी जुनी निकाली प्रकरणं संगणकावर नसणंही स्वाभाविक आहे. संकेतस्थळावर नाही याचा अर्थ अभिलेखात नाही असा होत नाही.

यातलं काहीच जमलं नाही तर शोधासाठी अर्ज द्यायचा: पक्षकारांची पूर्ण नावं, दाव्याचा प्रकार, दाखल वर्ष, निकालाचं वर्ष. कर्मचारी नोंदवह्या बघून क्रमांक काढून देतात. निकालाचा महिना आठवत असेल तर जरूर लिहा, काम फार हलकं होतं.

प्रतिसाद

निवृत्तिवेतनाच्या बाजूने एक महत्त्वाची गोष्ट, कारण इथे चुकीचा कागद आणला तर सगळी धावपळ पुन्हा करावी लागेल. केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाने १९ जुलै २०१७ च्या ज्ञापनाने असं ठरवलं की घटस्फोट आई-वडील गेल्यावर झाला असला, तरी घटस्फोटाची कार्यवाही त्यांच्यापैकी कुणाच्या तरी हयातीत सक्षम न्यायालयात दाखल झालेली असेल तर मुलगी पात्र ठरू शकते. बाकी उत्पन्नाच्या आणि पुनर्विवाहाच्या अटी आहेतच. मावशींचं प्रकरण नेमकं असंच दिसतंय: दावा २००३, आजी २००५, निकाल २००६.

म्हणून नुसत्या हुकूमनाम्यावर थांबू नका, निकालपत्राचीही (कारणांसह लिहिलेल्या पूर्ण निकालाचीही) नक्कल मागा. महाराष्ट्रातल्या न्यायालयांच्या निकालपत्राच्या पहिल्या पानावर वरच प्रकरण दाखल झाल्याची तारीख, नोंदणीची तारीख, निकालाची तारीख आणि लागलेला कालावधी दिलेला असतो. कार्यालयाला हवा असलेला पुरावा त्या चार ओळींत आहे. जोडीला मूळ अर्जाची नक्कलही घ्या, म्हणजे शंकेला जागा राहणार नाही.

धागाकर्ती

या प्रतिसादासाठी किती आभार मानू! आम्ही फक्त हुकूमनामाच मागणार होतो.

आणि मामाच्या जुन्या ट्रंकेत समन्स सापडलं! वर 'दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर' असं स्पष्ट आहे आणि हिं. वि. अर्जाचा पूर्ण क्रमांकही. आता अर्जात नेमकं काय लिहायचं आणि मावशीने स्वतः जायलाच हवं का, तेवढं सांगाल?

प्रतिसाद

वा, समन्स मिळालं म्हणजे अर्धं काम झालं. मी वर लिहिणारा माजी कर्मचारीच.

नक्कल विभागात छापील अर्ज मिळतो. नसला तर साध्या कागदावरही चालतो. मजकूर साधारण असा ठेवा:

'मी वरील हिंदू विवाह अर्ज क्र. अमुक/२००३ मधील पक्षकार आहे. सदर प्रकरण सन २००६ मध्ये निकाली निघाले आहे. कुटुंब निवृत्तिवेतनाच्या कामी मला त्यातील (१) निकालपत्र, (२) हुकूमनामा व (३) मूळ अर्ज यांच्या प्रमाणित प्रती हव्या आहेत. नियमाप्रमाणे होणारी फी भरण्यास मी तयार आहे.'

खाली सही, पत्ता, फोन. सोबत ओळखपत्राची प्रत. नाव बदललेलं असेल तर त्याचा पुरावा जोडा, कारण प्रकरणात सासरचं नाव आणि आधार कार्डावर माहेरचं, इथे हटकून अडतं. अर्जाला कोर्ट फीचं तिकीट लागतं, नकलेची फी पानांप्रमाणे नंतर सांगतात. तातडीची नक्कल मागायची सोय असते, तिची फी जास्त. खिडकीवर जी फी सांगतील ती भरून पावती घ्या. आवारात 'मी काढून देतो' म्हणणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नका.

जुनी फाइल अभिलेख कक्षातून मागवावी लागते, म्हणून वेळ जाईल. अर्जाचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवा, पुढची चौकशी त्यावरच होते. सगळे कागद सारखा काळ जपत नाहीत. निकालपत्र आणि हुकूमनामा बाकीच्या कागदांपेक्षा जास्त काळ ठेवतात. त्यामुळे मूळ अर्ज मिळाला नाही तरी आधीच्या दोन गोष्टींची आशा सोडू नका.

नक्कल हातात आली की खिडकी सोडण्याआधी वाचा. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी 'खरी नक्कल' म्हणून सही, नावांची अक्षरं आणि त्या चार तारखा. पान गाळलं असेल तर तिथल्या तिथे सांगितलेलं बरं. एकदम दोन संच मागा, एक निवृत्तिवेतन कार्यालयात जाईल, एक घरी राहील.

फाइल सापडत नाही असं म्हणाले तर तोंडी उत्तरावर परत येऊ नका. अर्जावरच तसा लेखी शेरा मागा, नोंदवहीतल्या नोंदीचा प्रमाणित उतारा मागा, आणि गरज पडली तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या नावे विनंती अर्ज द्या. नोंदवहीतही दाखल आणि निकाल दोन्ही तारखा असतात.

प्रतिसाद

मावशींनी स्वतः जाण्याबद्दल: सही त्यांचीच हवी, कारण त्या पक्षकार आहेत. तुम्ही किंवा मामांनी स्वतःच्या नावाने अर्ज केला तर तुम्ही तिऱ्हाईत ठरता. मग कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि न्यायालयाची परवानगी लागते, आणि वैवाहिक प्रकरणात ती सहज मिळत नाही. मावशींचा सही केलेला अर्ज आणि तुमच्या नावाचं अधिकारपत्र घेऊन खिडकीवर जा. वकिलामार्फतच या असं म्हणाले तर खासगी वकील नेमण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. ते बहुधा त्याच आवारात असतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

धागाकर्ती

अर्ज लिहून झाला, मावशीने सही केली. अधिकारपत्र माझ्या नावाने केलं आहे. सोमवारी समन्सची प्रत घेऊन नक्कल विभागात जाते आहे आणि तिन्ही कागदांचे दोन-दोन संच मागणार आहे. तिथे काही वेगळं सांगितलं तर इथेच लिहीन.