वजन ठीक असतं, म्हणूनच कळत नाही
"वजन व्यवस्थित आहे, मग आजार कसला?" असं बुलिमियाबद्दल लोक विचारतात, म्हणून लिहिते. बुलिमियात (अधाशासारखं खायचं आणि मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढायचं, असा खाण्याशी संबंधित मानसिक आजार) वजन बहुधा नॉर्मलच असतं. इंदूरला माझी धाकटी बहीण सराफ्यात (तिथल्या रात्रीच्या खाऊबाजारात) सगळ्यांबरोबर पोटभर खायची, घरी आली की बाथरूमचा नळ बराच वेळ सुरू. आई म्हणायची, पित्त झालं असेल. ओळखलं ते दातांच्या डॉक्टरांनी. उलट्यांमुळे पुढच्या दातांचं इनॅमल आतल्या बाजूने झिजलं होतं. रक्तात पोटॅशियमही कमी निघालं, त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सीबीटीचा (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचा) तिला खूप उपयोग झाला. त्यात पहिलं काम म्हणजे वेळेवर जेवण, उपास बंद. कारण उपाशी राहिलं की पुढचं अधाशी खाणं ठरलेलंच. (एकादशीवरून आजीशी वाजलं, ते वेगळंच!) मध्ये दोनदा जुन्या सवयीकडे घसरलीही. आता सकाळी पोहे-जिलेबी आमच्यासोबत खाते आणि गप्पा मारत बसून राहते.