कावळा शिवेना तेव्हा नास्तिकाने काय करायचं?

अर्धाकप_चहा

लांबण लागणार आहे, आधीच सॉरी. मी नास्तिक आहे, कॉलेजपासून. भांडकुदळ वगैरे नाही, कोणी प्रसाद दिला तर खातो (शिऱ्याशी आपलं काही वैर नाही), पण पूजा करत नाही, बाईकला लिंबूमिरची नाही, ऑफिसच्या सत्यनारायणाला वर्गणी देतो आणि डेस्कवर बसून राहतो. बायको तिच्या मनाने उपास करते, मी मध्ये पडत नाही. असं बरं चाललं होतं आणि गेल्या वर्षी बाबा गेले.

बाबांनी काही सांगून ठेवलं नव्हतं. आईने मात्र पहिल्याच रात्री सांगितलं, सगळं यथासांग व्हायला पाहिजे, आणि मी एकुलता एक. त्या रात्री आईशी वाद घालणारा माणूस मी नाही. मग दहा दिवस जे सांगतील ते केलं. बाबांना जिथे ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा, वर टोपली. सकाळी टोपली उचलली तर आत्या म्हणाली पक्ष्याची पावलं आहेत, मामा म्हणाला छे, हे गाईचं खूर. मी वाकून बघितलं, झुरळ फिरून गेलं होतं, मधे सरळ रेघ आणि दोन्ही बाजूंना बारीक टिंबं. बोललो नाही. आईला पक्षी पाहिजे होता, तिला पक्षी मिळाला.

दहाव्याला नदीवर गेलो. पिंड ठेवून सगळे लांब उभे राहिलो. कावळे होते, समोरच्या पत्र्यावर आठ-दहा तरी, पण एकही खाली येईना. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, मग सुरू झालं, 'काहीतरी राहिलंय त्यांचं'. काका पुढे झाला, हात जोडून म्हणाला दादा, घराच्या वाटणीचं मनात ठेवू नको, मी काही मागणार नाही. कावळा हलला नाही. आत्या म्हणाली नातीच्या शिक्षणाला कमी पडू देणार नाही. तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी आधी पुटपुटलो, तर गुरुजी म्हणाले मोठ्याने म्हणा. आणि मी, डोळे मिटून, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणालो, "बाबा, आईला मी एकटं पाडणार नाही, तिच्या घरातून तिला हलवणार नाही."

दोन मिनिटांत कावळा आला.

आणि मला जे हायसं वाटलं ना, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. पाय लटपटले. आई दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळी रडली. दुसऱ्या दिवशी चुलत भावाच्या मोबाईलमधला व्हिडिओ बघितला तर त्यात स्पष्ट दिसतंय, मी डोळे मिटून बोलत असताना घाटावरच्या एका पोराने पिंडाच्या पलीकडे सावलीला बसलेलं कुत्रं हाकललं. बस. एवढंच झालं होतं. ते कुत्रं काकाच्या वेळी पण तिथेच होतं आणि आत्याच्या वेळी पण.

गंमत म्हणजे मला नास्तिक केलं ते बाबांनीच. २१ सप्टेंबर १९९५, गणपती दूध प्यायला तो दिवस, मी चौथीत. आम्ही पण रांगेत उभं राहून पाजून आलो. घरी आल्यावर बाबांनी खलबत्त्यातला दगडी बत्ता ओला केला, हातात धरला आणि चमचा टेकवला. बत्ता पण प्यायला. बाबा म्हणाले "बघ रे, याला पण भूक लागलीय" आणि दोघं खूप हसलो. नंतर शास्त्रज्ञांनी रंगीत दूध घेऊन दाखवलं की पृष्ठताणामुळे दूध चमच्यातून ओढलं जातं आणि मूर्तीवरून खाली ओघळतं, पांढऱ्या दुधाचा पातळ थर दिसत नाही इतकंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे अथर्वशीर्ष म्हणत बसलेले. त्यांना त्यात काही अडचण दिसायची नाही. मला दिसली.

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, बसू की नको? आणि दुसरा जास्त अवघड. आई गावी एकटी (सातारा जिल्हा), गुडघे गेलेत, मागच्या महिन्यात मोरीत पडली. मी पुण्यात. तिला इकडे आणायचं म्हटलं की म्हणते, "तू कावळ्यापुढे शब्द दिलायस." ज्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही तिच्यात मीच अडकलोय.

खवचट_खानदेशी

बसू नका. सरळ सांगतो. एकदा बसलात की दरवर्षी पितृपक्षात बसावं लागणार, सवय तुम्हाला नाही, नातेवाइकांना लागते. चार्वाकांनी हजारो वर्षांपूर्वी विचारून ठेवलंय की इथे वाढलेलं पान मेलेल्याला पोचत असेल तर प्रवासाला निघालेल्या माणसाबरोबर शिदोरी कशाला देता, घरीच त्याच्या नावाने पान वाढा, तिकडे पोट भरेल. अजून कोणी धड उत्तर दिलं नाही.

२०११ च्या जनगणनेत अख्ख्या देशात नास्तिक म्हणून नोंद किती, तर ३३ हजारांच्या आसपास. त्यातले साडेनऊ हजारांच्या वर आपल्या महाराष्ट्रात. एवढेच असतील का हो? बाकीचे सगळे तुमच्यासारखे, आईला वाईट वाटेल म्हणून गप्प. मी सुद्धा घरी प्रगणक आला तेव्हा आत झोपलो होतो, वडिलांनी परस्पर लिहून दिलं.

आणि हे कावळ्याच्या नावाने लोकांना धरून ठेवणं जादूटोणाविरोधी कायद्यात का बसत नाही?

वकीलकाका_सुट्टीवर

नाही बसत. २०१३ चा कायदा नीट वाचा, त्याला जोडलेल्या अनुसूचीत १२ प्रकार दिलेत, भूत उतरवायचं म्हणून मारहाण, चमत्कार करतो म्हणून लुबाडणूक, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, साप चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं वगैरे. धार्मिक विधींना हात लावलेला नाही. दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, मसुदा किती वेळा बदलला, विरोधक म्हणत राहिले की उद्या पूजा पण बंद कराल. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला तेव्हा कुठे चार दिवसांत वटहुकूम निघाला. त्या कायद्याला उगीच कावळ्यामागे पळवू नका.

शब्दाबद्दल म्हणाल तर पिंडाला दिलेलं वचन कोर्टात टिकत नाही. आईपुढे टिकतं, तिथे अपील नाही.

डोमकावळा

नाव बघून आलो :) कावळे बघणं हा माझा छंद आहे म्हणून थोडं सांगतो. कावळा हा भयंकर संशयी प्राणी, तुमच्या-माझ्यापेक्षा मोठा संशयवादी. ओळखीच्या जागी अनोळखी वस्तू दिसली की आधी लांबून बघणार, दुसरा कोणी उतरतोय का याची वाट बघणार. त्यात वीस-पंचवीस माणसं अर्धगोल करून टक लावून त्याच्याकडेच बघतायत! माणसाची नजर आपल्यावर आहे हे त्याला कळतं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी २००६ मध्ये मुखवटे घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले, तर पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा घातलेला माणूस दिसला की कावळे वर ओरडत जमा व्हायचे. चेहरे लक्षात ठेवणारा पक्षी आहे हा. तुमच्या पत्र्यावर बसलेले बहुतेक गावकावळे (मान राखाडी) असतील, त्यांचा रोजचा रस्ता त्या कुत्र्याने अडवला होता, विषय संपला.

घाटावर जायची वेळ आलीच तर लोकांना पाठ करून उभं राहायला सांगा. मी माझ्या मामाच्या दहाव्याला सांगितलं होतं. गुरुजींनी असं काही बघितलं माझ्याकडे की बस, पण पाच मिनिटांत काम झालं.

पक्या_टोरांटो

इथे सासऱ्यांच्या दहाव्याला लेकच्या काठावर पिंड ठेवला, गुरुजी मोबाईलवर डोंबिवलीहून. कावळा आलाच नाही, सीगल आला आणि पानासकट घेऊन गेला. गुरुजींनी दोन सेकंद विचार केला, म्हणाले चालेल, पाण्यावरचा आहे.

सश्रद्ध_पण_शहाणा

इथे सगळे आमच्यासारख्यांना मूर्ख समजून बोलतात म्हणून लिहावंसं वाटलं. कुत्रं उठलं म्हणून कावळा आला हे मला पण कळतं हो. पण त्या अर्ध्या तासात तुमच्या काकांनी चार लोकांत वाटणीचा विषय सोडला, आत्यांनी नातीची जबाबदारी घेतली, तुम्ही आईची घेतली. एरवी हे कोण बोलणार होतं, ड्रॉइंगरूममध्ये बसून? गेलेल्याचं काय होतं ते देव जाणे, राहिलेल्यांचं काहीतरी होतं. त्याला तुम्ही अंधश्रद्धा म्हणा.

अर्थ कळत नाही म्हणून त्रास होत असेल तर पुण्यात ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने करून घ्या, मराठीतून अर्थ सांगतात, बायका पण पौरोहित्य करतात.

अर्धाकप_चहा

@सश्रद्ध, तुमचा मुद्दा मला पटला असता. पण काकाचं पुढे काय झालं ते ऐका. चार महिन्यांनी काकाचा फोन, वाटणीचं बघायला पाहिजे. मी म्हटलं काका, तुम्ही बाबांना सांगितलं होतंत ना, सगळ्यांसमोर. तर म्हणतो, "हो, पण मी बोललो तेव्हा कावळा कुठे शिवला? दादाने ते मान्यच केलं नाही."

मी फोन धरून गप्प. याला उत्तर काय देणार? त्याच्या हिशेबाने शब्द फक्त माझा बांधील, कारण माझ्या वेळी कुत्रं उठलं.

लोणच्याची_बरणी

वाचून हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण. मी ६२ वर्षांची, देव मानते, रोज दिवा लावते. पण कावळ्याचा मला राग आहे. आमचे हे गेले तेव्हा दोन तास कावळा शिवला नाही. दोन तास. आणि तुमच्याकडे बघत होते तसे तिथे सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त तुमच्याकडे बघताना 'मुलगा काहीतरी बोलेल' असं होतं, माझ्याकडे बघताना 'हिने काय केलं असेल' असं. नणंद तर कानाशी येऊन म्हणाली, वहिनी शेवटी शेवटी काही बोललीस का गं त्याला? तेरा महिने मी त्यांचं अंथरुणातलं सगळं केलं होतं. शेवटी गुरुजींनाच कीव आली, दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे जेवायला गेले. मी जेवले नाही. तेव्हा माझ्या मुलींना सांगून ठेवलंय, माझं नेत्रदान करा (सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवायचं असतं, नंबर फ्रिजवर लावलाय), देहदानाचा फॉर्म पण भरलाय, पण नुसता फॉर्म भरून भागत नाही, ऐनवेळी घरच्यांनी हो म्हणावं लागतं, म्हणून मुलींकडून आत्ताच कबूल करून घेतलंय. आणि माझ्या मागे त्या पक्ष्याला बोलवायचं नाही.

आता तुमचं. दादा, तुम्ही पुरुष लोक फार सरळ विचार करता. तुमच्या आईचा कावळ्यावर किती विश्वास आहे मला माहीत नाही, पण तिला पुण्याच्या फ्लॅटमध्ये यायचं नाहीये हे मला इथून दिसतंय. "मला यायचं नाही" म्हणाली तर तुम्ही गुडघे काढणार, मोरी काढणार, डॉक्टरचे रिपोर्ट काढणार. कावळ्याचं नाव घेतलं की तुमचं तोंड बंद. आम्ही आयुष्यभर हेच केलंय हो. घरात बाईचं 'नको' कोणी ऐकत नाही, देवाचं 'नको' ऐकतात. मला माहेरी जायचं असलं की मी नवस काढायची.

खवचट_खानदेशी

मावशी, दंडवत. आमच्या आईचे सोळा सोमवार आत्ता डोक्यात शिरले.

अर्धाकप_चहा

मावशी, तुमचं वाचून काल रात्री आईला फोन केला. कावळ्याचा विषयच काढला नाही. नुसतं विचारलं, तुला इकडे यावंसं वाटत नाही का? बराच वेळ काही बोलली नाही, मागे टीव्ही चालू होता तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, तुमच्या तिथे नळाला पाणी किती वाजता येतं? मी म्हटलं चोवीस तास असतं. तर म्हणाली, "मग मी सकाळी उठून करू काय?"

रविवारी जातोय. मोरीत धरायला दांडी बसवायची आहे आणि टाईल्स बदलायच्या आहेत, प्लंबरशी बोललोय. शेजारच्या काकूंची सून दिवसातून दोनदा डोकवायला तयार आहे. बाकी पुढचं पुढे.

खवचट_खानदेशी

ते ठीक. वर्षश्राद्धाला बसणार का ते सांगा आधी.

अर्धाकप_चहा

बसतोय. आईला सांगितलंय की मंत्र गुरुजी म्हणतील, मी म्हणणार नाही, ती म्हणाली तुझे बाबा पण निम्मे गाळायचे. काकाला पण बोलावलंय, त्याच्या शेजारी बसून जेवायचं आहे मला. पंधरा पानं आहेत. शिरा नाही, खीर आणि वडे.