मदत हवी आहे: डिझेल सेडानमधला रस्त्याचा आवाज कमी करायचाय, डॅम्पिंग शीट लावू की आधी दुसरं काही बघू?

बोरीकाठ:

राम राम मंडळी. राहायला पारोळ्याला, नोकरी जळगावला. रोज एरंडोलमार्गे पन्नासेक किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं. गाडी 2016 ची डिझेल सेडान, चार मीटरच्या आतली, गेल्या वर्षी सेकंड हँड घेतली. इंजिन चांगलं, अ‍ॅव्हरेज चांगलं, एसी भर मे महिन्यातही गार. तक्रार एकच, आतला आवाज.

मी एकटा असलो की गाणी लावून भागतं. पण वडिलांना अधूनमधून धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि त्यांना श्रवणयंत्र आहे. गाडीने साठचा वेग ओलांडला की ते यंत्र काढून खिशात टाकतात, म्हणतात नुसता घुमारा ऐकू येतो. मग धुळ्यापर्यंत कोणी कोणाशी बोलत नाही. मागच्या वेळी म्हणाले, "हाई गाडी शे का ट्रॅक्टर?"

आवाज नेमका कसा ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. चाळीसपर्यंत काही नाही. पंचावन्न-साठपासून मागच्या बाजूने जाड, एकसुरी घुमणं सुरू होतं. नव्या डांबरावर कमी, सिमेंटच्या रस्त्यावर इतकं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मोकळ्या रस्त्यावर क्षणभर क्लच दाबून बघितलं, इंजिन खाली आलं तरी घुमणं तसंच. म्हणजे डिझेलची टकटक हे मूळ दुखणं नाही. नव्वदच्या आसपास माझ्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून बारीक शीळही येते. पावसाळ्यात मागच्या चाकांवरून उडणारे खडे आणि पाणी पत्र्यावर ताडताड वाजतात ते वेगळंच. मोबाईलच्या अ‍ॅपवर ऐंशीच्या वेगाला 72 ते 74 डेसिबल दिसतं, त्यावर किती विश्वास ठेवायचा माहीत नाही.

जळगावात दोन ठिकाणी विचारलं. एकाने चार दरवाजे, फ्लोअर आणि डिकी मिळून तीस हजार सांगितले, ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल रबराची डॅम्पिंग शीट. शीट लावलेला आणि न लावलेला दरवाजा बोटाने वाजवून दाखवला. फरक खरंच होता, एक ठण्ण, दुसरा ठप्प. दुसरा म्हणतो फक्त दरवाजे करा, डांबरी शीट, नऊ हजारात. ऑफिसातला मित्र म्हणतो 7डी मॅट (पायाखालची जाड, गादीसारखी मॅट) टाक आणि गप्प बस.

दरवाजा ठप्प वाजला म्हणून रस्त्याचा घुमारा कमी होतो का? तीस हजार घालायला हरकत नाही, पण वडिलांनी यंत्र कानात ठेवलं तरच ते पैसे कामी लागले असं मी समजेन. आपल्याकडच्या उन्हात यातली कोणती शीट टिकते? आणि सुरुवात कुठून करू?

जुना फिटर:

भाऊ, टायर कोणत्या सालचे? बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. 2218 असेल तर 2018 चा बाविसावा आठवडा. सेकंड हँड गाडीत पुढे दोन नवे आणि मागे जुने घातलेले खूप बघतो. नक्षी शिल्लक असली तरी रबर उन्हाने कडक होतं. टायरवरून हात फिरवा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने हाताला अडत असेल तर दाते पडलेत. तो आवाज अगदी तुम्ही लिहिलाय तसाच येतो, आणि कोणत्याही शीटने जात नाही.

दुसरं, व्हील बेअरिंग. साठ-सत्तरला मोठ्या वळणावर गाडी डावीकडे वळताना घुमणं वाढत असेल तर उजव्या बाजूचं बेअरिंग संशयित, उजवीकडे वळताना वाढलं तर डावीकडचं. कारण वजन बाहेरच्या चाकावर जातं. दोन्हीकडे सारखंच राहिलं तर बहुतेक टायर.

हवा पण बघा. आपल्याकडे पंपावर न विचारता 38-40 पीएसआय भरून देतात. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर असेल तेवढीच, आणि सकाळी चाकं थंड असताना.

तापीकाठ:

फिटर काकांशी सहमत. शीटबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहितो, कारण दुकानात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकतात.

ब्युटाइल शीट पत्र्याची थरथर मारते. ठण्णचं ठप्प होतं ते त्यामुळे, आणि खड्ड्यातला खडखडाट, दरवाजा लावतानाचा पत्र्यासारखा आवाज, स्पीकर वाजताना होणारी थरथर यात फरक पडतो. तिने पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते. मोकळ्या पत्र्याच्या मधोमध पाव ते निम्मा भाग झाकला तरी बहुतेक फायदा मिळतो. तीस हजारातले बरेच पैसे पत्रा शंभर टक्के मढवण्याचे असणार. 2 मिमीची शीट चौरस मीटरला तीन-साडेतीन किलो भरते, म्हणजे गाडीचं वजनही उगाच वाढतं.

टायरचा आवाज हवेतून, चाकाच्या कमानीच्या पत्र्यातून आत येतो. तो अडवायला जड, लवचिक थर लागतो, मास लोडेड व्हिनाइल. चौरस मीटरला पाचेक किलोचा थर नेहमी वापरतात. हा ब्युटाइलच्या उलट, फट ठेवली तर उपयोग संपला. सांधे नीट जुळवावे लागतात आणि पत्रा व त्याच्यामध्ये बंद छिद्रांच्या फोमचा थर घालावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे आवाज शोषणारा लोकरीसारखा थर, डिकीच्या पॅनलमागे आणि मागच्या सीटमागे. तुमचा आवाज मागून येतो तर दरवाजे सगळ्यात शेवटी करा. आधी मागच्या दोन्ही कमानी, स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या सीटच्या पाठीमागचा पत्रा. 7डी मॅटने पाय मऊ ठिकाणी राहतात, बाकी काही नाही.

डेसिबलचं: मोबाईलचा आकडा खरा धरू नका, पण त्याच फोनवर, त्याच जागी, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला आधीचा आणि नंतरचा आकडा ताडून बघायला तो चालतो. तीन डेसिबल कमी झाले तर फरक जेमतेम कळतो, दहा कमी झाले तर कानाला आवाज निम्मा वाटतो. गाडीत दहा कोणी कमी करून देत नाही. आणि बहुतेक अ‍ॅप ए-वेटिंगवर चालतात, म्हणजे कानाला जाड सूर कमी ऐकू येतात त्या हिशोबाने मोजतात, त्यात 100 हर्ट्झच्या आसपासचा घुमारा 19 डेसिबलने कमी धरला जातो. वडिलांना नेमका तोच त्रास असेल तर आकडा न हलताही त्यांना बरं वाटू शकतं.

केळीबाग:

डांबरी शीट लावू नका हो. मेव्हण्याच्या गाडीला सावद्यात कोणीतरी लावून दिली होती, मे महिन्यात दरवाजाच्या आत घसरून काच खालीवर होणं बंद झालं, आणि वास तर विचारू नका. रावेर-यावलकडे गाडी दिवसभर बागेच्या बांधावर उन्हात उभी असते. कंपनीही फ्लोअरवर डांबरी पॅड टाकते हे खरं, पण ते रंगाच्या भट्टीत भाजून पत्र्याला धरलेले असतात. आपले हात आणि हीट गन यांची त्याच्याशी बरोबरी नाही.

आणखी एक. लोकरी थर टाकणार असाल तर उंदरांचा बंदोबस्त आधी. शेतात गाडी लावणाऱ्यांना सांगायला नको. आणि दरवाजाच्या तळाची पाणी निघायची भोकं शीटखाली जाऊ देऊ नका, नाहीतर दरवाजा आतून सडतो.

माहेर शहादा:

दादा, गाडीतलं मला कळत नाही, श्रवणयंत्राचं कळतं, माझ्या आईला आहे. जाड घुमारा बोलण्यातली बारीक व्यंजनं झाकून टाकतो. यंत्र तो घुमारा पण वाढवतं. बऱ्याच यंत्रांत गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम लावता येतो. यंत्र ज्यांच्याकडून घेतलं त्यांना गाडीचं नाव काढून विचारा, आईचं तिथेच अर्धं काम झालं. काकांना मागे बसवत असाल तर पुढे बसवा. खिडकी दोन बोटंसुद्धा उघडी नको.

बोरीकाठ:

सगळ्यांचे आभार, ताईंचे जास्त. यंत्रवाल्यांची वेळ घेतली आहे.

टायर तपासले. पुढचे ठीक, मागचे दोन्ही 3817, आणि हाताला चांगले दाते लागतात. त्याच बाजूला पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले, तर घुमणं पुढे आलं! वळणावर डावी-उजवीकडे फरक नाही, म्हणजे बेअरिंगचा खर्च वाचला. हवा 39 निघाली, स्टिकरवर 32 आहे.

आता दोन नवे टायर, त्याच मापाचे, शांत नक्षीचे. त्यानंतर पगार झाला की तापीकाठ भाऊ म्हणतात तशा मागच्या कमानी आणि स्टेपनीचा खड्डा. दरवाजे रद्द. तीस हजारवाल्याला फक्त मागचं काम करशील का विचारलं तर तो जरा नाराज झाला, पण तयार आहे.

शिळेचं राहिलं. दरवाजाच्या फटीवर बाहेरून मास्किंग टेप लावून चालवली, शीळ बंद. दरवाजात कागद धरून ओढला तर वरच्या मागच्या कोपऱ्यात सहज निसटतो, बाकी सगळीकडे घट्ट. बीडिंग (दरवाजाच्या कडेची रबरी पट्टी) कंपनीची घेऊ की बाजारातली चालेल?

जुना फिटर:

बीडिंग सध्या घेऊच नका. एकाच कोपऱ्यात कागद निसटतो म्हणजे रबर नाही, दरवाजा बसण्यात फरक आहे. आधी खांबावरचा स्ट्रायकर बघा, म्हणजे दरवाजाचं लॉक जिच्यात अडकतं ती कडी. त्याचे स्क्रू सैल करून तो किंचित आत सरकवायचा, जुन्या जागेला मार्करने खूण करून. दरवाजा लावताना जास्त जोर लागायला लागला तर थोडा परत बाहेर. तरी कोपरा राहिला तर काचेच्या चौकटीचं काम आहे, ते डेंटरकडे. नव्या बीडिंगचा विचार त्यानंतर, आणि घ्यायचीच झाली तर कंपनीची. बाजारातली कोपऱ्यात दुमडते.