टँक बंद म्हणून पोरांना मुळशीला न्यायचं का?

सी-६०१: नमस्कार मंडळी. पाणीटंचाईमुळे आपल्या सोसायटीचा स्विमिंग टँक मेअखेरपर्यंत बंद ठेवायचं कमिटीच्या मनात आहे म्हणे. पोरं घरात बसून कंटाळलीत. रविवारी सकाळी मुळशी धरणाच्या बॅकवॉटरला जाऊया का? पाणी स्वच्छ, क्लोरीन नाही, गर्दी नाही. यायचं असेल त्यांनी +१ करा.

ए-२०४: +१

बी-१०३: +२. फार छान, दादा. टँकमधून आलं की आमच्या लेकीचे डोळे लालभडक होतात. तिला एकदा मोकळ्या पाण्यात पोहू दे.

डी-३०२: दादा, माझा याला विरोध आहे. का ते सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः नदीत पोहायला शिकलेला माणूस आहे. सांगलीत, माई घाटावर. पाठीला डबा बांधून वडिलांनी कृष्णेत सोडलं आणि पुढे आयर्विन पुलाच्या आजूबाजूची नदी आमचं अंगणच झाली. नदीत पोहण्याचं सुख टँकमध्ये नाही, हे शंभर टक्के मान्य.

पण आमचं ते पोहणं ओळखीच्या पाण्यातलं होतं. पायऱ्या कुठवर आहेत, भोवरा कुठे धरतो, कोयनेतून पाणी सोडलं की धार कशी ओढते, हे घाटावरच्या जाणत्या माणसांना तोंडपाठ असायचं. नवख्या पोराला ते एकट्याला उतरू देत नसत. मुळशीच्या पाण्याची आपल्यापैकी कोणाला ओळख आहे? धरणाचा काठ म्हणजे पाण्याखाली गेलेला डोंगरउतार, शेतांचे बांध, झाडांची खोडं. गुडघाभर पाण्यात उभं असावं आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल लागावं, असं तिथे होतं. शिवाय काठाला गाळ. पाय रुतला की ओढून काढतानाच माणूस दमतो. ‘पोहण्यास मनाई’च्या पाट्या धरणांवर उगाच लावलेल्या नाहीत.

आपल्या टँकची सगळ्यात खोल बाजू साडेचार फूट. आपली पोरं १५ मीटर पोहतात, कडा धरतात, भिंतीला लाथ मारून परत फिरतात. दम लागला की पाय टेकतात. धरणात कडा नाही आणि तळ दिसत नाही. तळ दिसेनासा झाला की चांगली पोहणारी पोरंसुद्धा घाबरतात, मान वर काढून पाण्यात उभी राहायला बघतात, आणि तिथेच खाली जातात.

सी-६०१: काका, पण दोन उन्हाळे क्लास केलेली मुलं आहेत. लाइफ जॅकेट नेऊ, आम्ही पालक काठावर उभे असूच.

बी-५०४: डॉक्टर म्हणून लिहिते. काठावर उभं राहून भागत नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घेण्यातच सगळा जीव गुंतलेला असतो. लांबून बघणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं. आणि त्याच्यामागे उडी मारणारा मोठा माणूसही जातो, कारण ते मूल गळ्याला मिठी मारतं. दोरी, ओढणी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेकायचं. बाहेर काढल्यावर उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढत बसू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, दुसऱ्याने १०८ लावायचा.

बी-१०३ ताई, लेकीच्या डोळ्यांबद्दल. तो उग्र वास आणि डोळ्यांची आग म्हणजे क्लोरीन जास्त झालं असंच नसतं. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून क्लोरामाइन तयार होतं, ते झोंबतं. आंघोळ करूनच उतरायचं, हा नियम सगळ्यांनी पाळला तर निम्मा त्रास जाईल. पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम, हवं. कमिटीने हे आकडे रोज फळ्यावर लिहावेत.

ए-७०२: कमिटीतर्फे. टँक बंद करायचं अजून ठरलेलं नाही, म्हणून हिशोबच देतो. १५ बाय ६ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे १ लाख ८ हजार लिटर, १० हजारांचे जवळपास ११ टँकर. पण हे पाणी एकदाच भरलेलं आहे, फिल्टरमधून तेच फिरतं. उन्हाने दिवसाला ८ मिलिमीटर उडालं असं धरलं तर ७२० लिटर, वर फिल्टर धुण्याचं पाणी. टँकला कुलूप लावलं तरी ऊन थांबत नाही, आणि क्लोरीन बंद केलं तर डास होतील. रिकामा केला तर जूनमध्ये पुन्हा ११ टँकर. मला विचाराल तर वेळ कमी करून चालू ठेवावा.

सी-२०२: माझी नात नेदरलँड्समध्ये असते. तिकडे घराघरासमोर कालवे, म्हणून मुलांना पोहण्याच्या ए, बी, सी अशा तीन परीक्षा असतात. अंगात कपडे, पायात बूट, तसंच पाण्यात उतरून पोहून दाखवावं लागतं. पाण्याखालच्या ताडपत्रीच्या भोकातून पार व्हावं लागतं. आधी मला ते क्रूर वाटलं होतं. आता पटतं. मूल पाण्यात पडतं तेव्हा अंगावर पोहण्याचा पोशाख थोडाच असतो!

डी-३०२: आजी, हेच म्हणायचं होतं मला. आपले क्लास हात-पाय मारायला आणि वेग वाढवायला शिकवतात. उताणं पडून नुसतं तरंगणं आणि जागच्या जागी उभं पोहणं, दमलेल्या माणसाला या दोन गोष्टी वाचवतात. टँक चालू राहणार असेल तर रविवारी मी हे शिकवतो, शर्ट-पँटसकट. ज्यांना ते नीट जमेल अशा मोठ्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना पावसाळा सरल्यावर सांगलीला नेईन. तेसुद्धा घाटावरच्या रोजच्या पोहणाऱ्यांना विचारून, कारण भिलवडी-औदुंबरकडच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि पाणीही कधीकधी उतरण्याजोगं नसतं. ते नाही म्हणाले तर काठावर भडंग खाऊन परत यायचं.

बी-१०३: काका, माझे +२ तुमच्याकडे.

सी-६०१: मुळशी रद्द. काका, रविवारी किती वाजता?

डी-३०२: सात. जुने सुती कपडे आणा, जीन्स नको. पहिल्याच दिवशी जीन्स जड होते. पालकांनीही उतरायचं आहे.

बी-५०४: दोरी फेकणं आणि सीपीआर मी घेते, उशीवर करून दाखवीन. वॉचमन आणि टँकवरच्या लाइफगार्डलाही बोलवा.

ए-७०२: दोघांना सांगतो. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये टँकची वेळ ठरवू, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास असा प्रस्ताव मांडतोय. ज्यांचा विरोध असेल त्यांनी यावं, हिशोबाची वही घेऊन बसतो.