काळी भुकटी म्हणजे एकच रोग नव्हे

कुणीतरी विचारलंय, बांधावरच्या हराळीची काणी, म्हणजे तुऱ्यावर काळी भुकटी आणणारा बुरशीचा रोग, ज्वारीत शिरेल का? नाही शिरणार. काणीच्या बुरशा यजमानाच्या, म्हणजे ज्या झाडावर जगायचं त्याच्या बाबतीत फार चोखंदळ असतात. हराळीवरची 'उस्टिलॅगो सायनोडॉन्टिस' हराळीपुरतीच. ती मुळांकडच्या खोडात तग धरते, म्हणून जळगाव जिल्ह्यात, चोपड्याकडे आमच्या बांधावर दरवर्षी त्याच तुकड्यात तुरे काळे निघतात. बोटं फिरवली की काजळी लागल्यासारखी होतात.

मारवेल गवताचं पान उलटून पाहा. तिथे विटकरी पुटकुळ्या दिसल्या, तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचाच रोग, पण वेगळंच कूळ.

अंजन गवताकडे मात्र बाजरीवाल्यांनी लक्ष ठेवावं. बाजरीचा अरगट, म्हणजे कणसावर येणारा बुरशीचा रोग, त्यावरही जगतो. फुलोऱ्यातून मधासारखा चिकट थेंब गळतो, मुंग्या जमतात. पुढे दाण्याच्या जागी काळपट, टणक गाठ येते. असं कणीस गुरांपुढे टाकू नका, विषारी असतं.

आणि हे झालं नुसतं डोळ्यांना दिसणारं. सातपुड्याच्या उतारावरची कुसळी, पवन्या ही गवतं हिरवीगार दिसली तरी पानाच्या आत बुरशा नांदतातच, कसलीही खूण न दाखवता. पान वरून निर्जंतुक करून त्याचे तुकडे प्रयोगशाळेतल्या बशीत ठेवले, की त्या बुरशा बाहेर येतात.